काचपेटीतले सफाई-कामगार

कोकणातल्या वाचकांना शंखातला खेकडा मी नव्याने दाखवायला नको. ओहोटीच्या वेळी खडकातल्या एखाद्या डबक्याशी उकिडवे बसा. तळाशी पडलेला गोगलगाईचा शंख हळूच उठतो आणि चालू लागतो. उचलून तळहातावर घ्यावा, तर पाय झटकन आत जातात आणि एक जाडसर नांगी दाराला अडसर घातल्यासारखी तोंडाशी येऊन बसते. हा शंख त्याचा स्वतःचा नव्हे, बरे का! तो कुण्या मेलेल्या समुद्री गोगलगाईचा. या खेकड्याचे पुढचे अंग इतर खेकड्यांसारखे टणक असते, पण मागचे पोट मऊ आणि पिळदार. ते झाकण्यासाठी त्याला दुसऱ्याचे घर लागते. इंग्रजांनी याचे नाव ठेवले ‘संन्यासी खेकडा’. नाव ठेवणाऱ्याने त्याचा संसार काही नीट पाहिला नसावा. घरासाठी मारामाऱ्या करणारा आणि चारचौघांत राहायला आवडणारा हा प्राणी संन्यासी कसला?

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो मात्र या डबक्यातल्या खेकड्याचा, जमिनीवर राहायला गेलेला भाऊबंद आहे. शास्त्रीय भाषेत त्याच्या कुळाला ‘सीनोबिटा’ म्हणतात. कॅरिबियन समुद्रातली बेटे आणि अमेरिकेतील फ्लोरिडाचा दक्षिण भाग इथे त्याची एक जात राहते. बेटांवरचे लोक तिला ‘शिपाई खेकडा’ म्हणतात. आपल्या देशात या कुळातल्या इतर जाती अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप बेटांवर आहेत. झाडावर चढणारा आणि नारळ फोडणारा मोठा नारळ-खेकडा तुम्ही ऐकला असेल, तोही यांच्याच गोतावळ्यातला. हे खेकडे समुद्रात राहात नाहीत. पाण्यात फार वेळ ठेवले तर गुदमरून मरतात. तरीही त्यांचे श्वासाचे अवयव कल्ल्यांचेच राहिलेले आहेत. कल्ले ओले असले तरच हवेतला प्राणवायू त्यांना घेता येतो. म्हणून ते शंखात थोडे पाणी बाळगून फिरतात आणि दमट हवा धरून राहतात. कोरड्या खोलीत ठेवलेला असा खेकडा हळूहळू गुदमरत असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की तो शांत बसला आहे.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांतून हे खेकडे मुलांचे खेळणे म्हणून विकले जातात. एक लहानसा तारेचा पिंजरा, तळाशी मूठभर रंगीत खडे, पाण्याचा स्पंज आणि वर रंगवलेला शंख. बस्स, झाले घर! अशा घरात खेकडा बहुधा काही महिन्यांतच मरतो. हाच खेकडा नीट सांभाळला तर तीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. म्हणजे बैलाच्या आयुष्यापेक्षा जास्त. आणि आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कोंबड्यांसारखी यांची पैदास घरात होत नाही. मादी अंडी सोडायला समुद्रावर जाते. पिल्ले सुईच्या टोकाएवढ्या, कोळंबीसारख्या रूपात समुद्रात तरंगतात, अनेकदा रूप बदलतात आणि मग एखादा चिमुकला शंख शोधून जमिनीवर येतात. हा सगळा खटाटोप घरात जमवणारी माणसे जगात मूठभर. त्यामुळे दुकानात दिसणारा जवळपास प्रत्येक खेकडा रानातून पकडून आणलेला असतो. तो मेला की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो. तेव्हा एक खेकडा नीट जगवणे म्हणजे दुसरा एक बेटावरच राहू देणे, असा हा हिशेब आहे.

आता नीट सांभाळायचा म्हणजे काय करायचे? तिकडच्या जाणत्या हौशी लोकांनी याचे शास्त्र चांगले बसवले आहे. झाकणाची काचपेटी, आत साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस उष्णता, हवेत ७५-८० टक्के दमटपणा, एका थाळीत गोडे पाणी, दुसरीत समुद्राच्या पाण्यासारखे खारे पाणी, निवडायला दोन-चार रिकामे शंख. हे सगळे पटकन सांगून टाकतो, कारण खरी गोम आहे ती तळातल्या वाळूत.

वाळूचा थर निदान सहा इंच तरी हवा. मोठे खेकडे असतील तर याहून खोल. पाच भाग वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा कालवून, मुलांनी किल्ला करावा तर उभा राहील इतपत ओलसर. इतकी वाळू कशाला? तर खेकड्याला कात टाकण्यासाठी. साप कात टाकतो तसा खेकडाही टाकतो, कारण त्याचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. सापाची कात म्हणजे वरची पातळ साल. खेकड्याची कात म्हणजे त्याचा सगळा सांगाडाच. पायाच्या टोकापासून डोळ्याच्या देठापर्यंत सगळे काढून ठेवायचे आणि आतून मऊ लोण्यासारखे अंग घेऊन बाहेर यायचे. या काळात मुंगीसुद्धा त्याला खाऊ शकेल. म्हणून तो वाळूत खोल जाऊन एक लहानशी पोकळी करतो आणि तिथे पडून राहतो. लहान-मध्यम खेकडा चार ते आठ आठवडे, मोठा असेल तर काही महिने. जुने कवच तो हळूहळू खाऊन टाकतो. त्यातला चुना परत अंगात जातो आणि नवे कवच घट्ट होते.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. आपल्याला स्वच्छता म्हटली की झाडू आणि पाणी आठवते. खेकड्याच्या पेटीत उरलेले अन्न कुजते, विष्ठा पडते, लाकडावर बुरशीचा पांढरा कापूस दिसतो, बारीक माश्या भिरभिरतात. मग घरातली मंडळी म्हणतात, वाळू उपसून धुऊन काढू या. वाळू उपसली की पोकळी ढासळते आणि आतला मऊ खेकडा दबतो. नाहीतर तो वर काढला जातो आणि उजेडात बाकीचे खेकडे त्याला फाडून खातात. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेली गोष्टच जिवावर उठते. कात टाकायला गेलेला खेकडा दोन महिने दिसत नाही, म्हणून ‘मेला असेल, बघू तरी’ असे म्हणून उकरणारेही पुष्कळ. आणि वर पडलेली रिकामी कात पाहून खेकडा मेला असे समजून ती फेकून देणारे तर त्याहून जास्त. कात पोकळ आणि हलकी असते. मेलेल्या खेकड्याला कुजक्या मासळीचा दर्प येतो, तो लपत नाही. नाक असलेल्या माणसाला यात शंका राहायचे कारण नाही.

पेच असा : वाळू हलवायची नाही आणि घाण तर साठू द्यायची नाही. रानात हे कोण करतो? तिथे तर कुणी झाडू मारत नाही. तिथल्या पालापाचोळ्याखाली अशी एक जमात राहते की जिचा सगळा जन्म दुसऱ्याचे उष्टे खाण्यात जातो. तीच आणून पेटीत सोडली तर?

ही जमात तुमच्या ओळखीची आहे. घरामागची कुंडी सरकवा, ओल्या भिंतीलगतची वीट उचला, शेणखताच्या ढिगाची कड बाजूला करा. राखाडी, चपट्या, अंगावर आडव्या पट्ट्यांचे चिलखत घातलेले, तांदळाएवढे जीव उजेडाला घाबरून इकडेतिकडे पळतात. काहींना बोट लावले की मिरीसारखी गोळी होते. मुले त्यांना किडा म्हणतात. पण शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. कीटकाला पाय सहा. याचे मोजा, चौदा भरतील. सात जोड्या, जवळपास सारख्या. म्हणूनच शास्त्रज्ञांनी नाव दिले ‘आयसोपॉड’, म्हणजे सारख्या पायांचा. आपण त्याला समपाद म्हणू. हा कीटक नव्हे, कवचधारी प्राणी आहे. खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या घराण्यातला. म्हणजे पेटीतला मालक आणि सफाई-कामगार हे दूरचे भाऊच.

दोघांचेही पूर्वज समुद्रातले. समपादांच्या घराण्यातले निम्म्याहून जास्त सभासद अजून पाण्यातच आहेत. खोल समुद्राच्या तळाशी राहणारा एक तर फूटभराहून लांब वाढतो. १८७९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचे वर्णन जगापुढे ठेवले. मधल्या पायरीवर उभा असलेला भाऊ पाहायचा तर कोकणच्या धक्क्यावर जा. भरतीच्या रेषेच्या वर दगडी भिंतीवर झुरळासारखे सरसर पळणारे प्राणी दिसतात ना, ते समपादच. आणि शेवटची पायरी चढून जे जमिनीवर आले ते आपल्या कुंडीखाली. जमिनीवर राहणाऱ्या खेकड्याने समुद्र सोडला खरा, पण बाळंतपणाला त्याच्या मादीला माहेरी समुद्रावरच जावे लागते. समपादाच्या मादीने मात्र माहेरचे पाणीच बरोबर आणले. तिच्या पोटाखाली पातळ पापुद्र्यांची एक पिशवी तयार होते, तीत ओल असते, अंडी त्या पिशवीतच उबतात आणि पिल्ले तिथूनच बाहेर पडतात. नव्या पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी मागाहून फुटते. पाहायचे असेल तर पावसाळ्यात एखादी मादी काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून भिंगाने पाहावी. पोटाची पिवळसर पांढरी पिशवी स्पष्ट दिसते.

त्यांचा श्वासही पोटाखालच्या पापुद्र्यांतून चालतो आणि ते ओलेच राहावे लागतात. काही जातींत या पापुद्र्यांवर पांढरे ठिपके दिसतात; ती त्यांची साधी फुप्फुसे. कीटकांच्या अंगावर मेणचट लेप असतो, त्यामुळे त्यांच्या शरीरातले पाणी उडून जात नाही. समपादाजवळ तसा लेप नाही. म्हणूनच तो दिवसा वीट सोडत नाही आणि उन्हाळ्यात गर्दी करून एकमेकांना चिकटून बसतो. आता ध्यानात आले असेल की खेकड्याची दमट, उबदार पेटी त्याला का मानवते. दोघांची गरज एकच आहे.

हा काम कसे करतो, ते समजून घेतले पाहिजे, कारण इथे पुष्कळ लोक चमत्काराची अपेक्षा धरतात. समपाद घाण नाहीशी करत नाही. तो ती बारीक करतो. कुजके पान, खेकड्याची विष्ठा, फळाची साल, बुरशी हे सगळे कुरतडून तो पोटात घालतो. त्यातला थोडाच भाग अंगी लागतो आणि बाकीचा बारीक लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्वारी अखंड खाल्ली तर पचायला जड, दळून खाल्ली तर सोपी. तसेच या लेंड्यांचे. तुकडे बारीक झाले की जिवाणूंना शिरायला जागा मिळते आणि पुढचे कुजण्याचे काम ते झपाट्याने उरकतात. समपाद म्हणजे जाते आहे. भाकरी भाजणारे वेगळेच. गांडूळखताच्या खड्ड्यात हेच चालते, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको.

आणि दुसरे काम, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, ते वाळू न मोडता वाळूत शिरण्याचे. बारीक जातीचे समपाद वाळूच्या कणांमधून, मुळांच्या कडेने, खेकड्यानेच केलेल्या वाटांनी खाली जातात. खेकड्याने अन्न पुरून ठेवले असेल (आणि हा प्राणी कुत्र्यासारखा खाऊ पुरून ठेवतो) तर ते कुजून वास मारण्याआधीच त्यांना सापडते. माणसाचा हात जिथे जाता कामा नये, तिथे हे जातात. पोकळी ढासळत नाही, निजलेल्याला कळतसुद्धा नाही.

मग जात कोणती घ्यावी? तिकडचे हौशी लोक बहुधा एक बुटकी पांढरी जात वापरतात. शास्त्रीय नाव ट्रायकोऱ्हिना टोमेंटोसा. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, तीन-चार मिलिमीटरची, खसखशीच्या दोन दाण्यांएवढी. यांच्यात नराची गरजच पडत नाही. मादी एकटीच पिल्ले देते, म्हणून थोड्या आणल्या तरी वसाहत वाढते. वीस-पंचवीस पुरेत, आणि ते पालापाचोळ्यासकटच ओतावेत. युरोपातून जगभर पसरलेला, गोळी होणारा समपादही काहीजण ठेवतात; तो वरवरच्या पाचोळ्यात राहतो. मोठ्या, अधाशी जाती मात्र टाळलेल्या बऱ्या. त्यांना मांसाहाराची भूक असते आणि कात टाकून मऊ पडलेला प्राणी समोर आला तर त्या कुरतडतील, अशी भीती असते. यावर हौशी मंडळींत एकमत नाही. काहींच्या मते पोट भरलेले असले तर कोणतीच जात जिवंत खेकड्याच्या वाटेला जात नाही. माझे म्हणाल तर मी बुटक्या पांढऱ्या जातीच्याच बाजूचा आहे. दोन महिने निजणाऱ्याच्या खोलीत कुणाला ठेवायचे हे ठरवताना उगीच धाडस कशाला?

उलट बाजूही आहे. खेकडा समपादांना खातो! रात्री हिंडताना सापडला तर नांगीने उचलून तोंडात टाकतो. याचे फार वाईट वाटून घेऊ नये. त्याला ते पौष्टिकच आहे. फक्त कामगारांना लपायला जागा हवी. त्यासाठी पेटीच्या एका कोपऱ्यात सालीचा तुकडा, कुजके लाकूड आणि वाळलेल्या पानांचा जाड थर ठेवतात. अमेरिकेत ओकची पाने घालतात. आणि गंमत अशी की आपल्या शाळांच्या पटांगणात असते ना, रुंद पानांचे, पाने लाल होऊन गळतात ते बदामाचे झाड, त्याची पानेही तिकडे दुकानांतून विकत घेऊन वापरतात. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा ठेवला की खेकडा आणि समपाद दोघांचेही भागते. समपादही कात टाकतो, पण अर्धी-अर्धी. आधी मागचा भाग, मग काही काळाने पुढचा. त्यामुळे कुंडीखाली कधी अर्धा पांढरा, अर्धा राखाडी असा जीव दिसला तर तो आजारी समजू नका.

समपादांच्या जोडीला आणखी एक बारीक जीव सोडतात, इंग्रजीत त्याला स्प्रिंगटेल म्हणतात. शेपटीखालच्या चिमट्याने टुणकन उडणारे हे पांढरे कण ओल्या मातीत आपल्याकडेही असतात. बुरशीवर त्यांचा फार जीव. बुरशीचा कापूस ते खातात, जाडेभरडे समपाद खातात. अशी वाटणी पडते आणि पाहुण्या माश्यांना व किडींना खायला फारसे उरत नाही.

एवढे करूनही माणसाचे काम संपत नाही, हे मुद्दाम सांगतो. पाण्याच्या थाळ्या रोज माणसानेच धुवायच्या; नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढून मगच ते भरायचे. समपाद थाळीत पडला तर बाहेर चढायला खडे नसतील तर बुडून मरतो, तेव्हा खडे हवेत. मासळीचा किंवा मांसाचा मोठा तुकडा रात्री खाल्ला गेला नाही तर सकाळी उचलायचाच. वाळूच्या तळाशी पाणी साचून आंबूस, कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर तिथे समपाद काही करू शकत नाहीत. तिथे हवाच नसते, तेच मरतात. पाणी बेताने शिंपडणे हा त्यावर उपाय, कामगार वाढवणे नव्हे. आणि समपाद फार वाढले असे वाटले तर समजावे की खेकड्याला वाढून ठेवलेले अन्न जास्त होते आहे. ते घटवले की त्यांची संख्या आपोआप उतरते.

आता आपल्या शेतकरी वाचकांसाठी एक ताकीद, आणि ही नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांनी जास्त लक्षात घ्यावी. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबे. कवचधारी प्राण्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ तांब्याचाच असतो, म्हणून त्यांचे रक्त निळसर. थोडे तांबे त्यांना हवेच. जास्त झाले की विष. समपादाजवळ एक खास युक्ती आहे. अन्नातून आलेले जादा तांबे, जस्त, शिसे तो पचनग्रंथीत साठवून ठेवतो आणि स्वतः बराच काळ तग धरतो. इंग्लंडात ब्रिस्टॉलजवळ अ‍ॅव्हनमाउथ येथे धातू गाळण्याच्या भट्टीच्या परिसरातले समपाद तपासून शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात जमीन किती दूषित झाली आहे याचा अंदाज बांधला होता. हा गुण मोजमापाला चांगला, पण पेटीतल्या खेकड्याला घातक. कारण खेकड्याने असा समपाद खाल्ला की साठवलेले सगळे एकदम त्याच्या पोटात. म्हणून फवारलेल्या बागेतले, रस्त्याकडेचे किंवा कारखान्याजवळचे समपाद कुणी कुठल्याही पाळीव प्राण्याच्या पेटीत सोडू नयेत, कोंबडीच्या पिल्लांपुढेही टाकू नयेत.

शिक्षक मंडळींपैकी कुणाच्या मनात येईल की सहलीला गेल्यावर मुलांसाठी किनाऱ्यावरचा एखादा खेकडा आणावा. कृपा करून आणू नका. ओहोटीच्या डबक्यातला खेकडा समुद्राच्या पाण्यातला आहे; तो वाळूच्या पेटीत एक-दोन दिवसांत मरेल. अंदमान किंवा लक्षद्वीपला गेलात तर तिथला जमिनीवरचा खेकडाही तिथेच राहू द्या; नारळ-खेकड्याला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. शंखसुद्धा पिशव्या भरभरून आणू नयेत. शंख म्हणजे या प्राण्यांची घरे. एखादा मोठा रिकामा शंख वाळूवर पडला की खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या घरात गेला की त्याच्या जुन्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा, असे क्षणार्धात सगळ्यांचे बिऱ्हाड हलते. सरकारी क्वार्टर रिकामी झाल्यावर आपल्या खात्यात हेच चालते, फक्त तिथे वर्षे लागतात! शंख कमी पडले की हे प्राणी मिळेल त्यात घुसतात. २०२४ साली पोलंडमधील संशोधकांनी जगभरातली छायाचित्रे पडताळून दाखवले की जमिनीवरच्या अशा खेकड्यांच्या १६ जातींपैकी १० जातींचे खेकडे बाटलीची झाकणे आणि तसल्या प्लास्टिकच्या वस्तू घर म्हणून वापरताना सापडले आहेत.

खेकडा नसला तरी कामगार मात्र प्रत्येक शाळेत हजर आहेत, आणि त्यांच्यावर वर्गात करण्याजोगा एक सुरेख प्रयोग आहे. १९३७ साली इंग्लंडमध्ये गन नावाच्या शास्त्रज्ञाने समपाद दमट आणि कोरड्या हवेत कसे वागतात ते मोजले. त्याला आढळले की कोरड्या हवेत ते जास्त चालतात आणि दमट हवेत थबकतात. म्हणजे ओल कुठे आहे हे त्यांना दुरून कळते असे नाही. कोरड्यात पाय थांबत नाहीत, ओलीत थांबतात, आणि त्यामुळे सगळे शेवटी ओलीच्या जागी जमतात.

हे पाहायला एक पसरट थाळी घ्या. तळाला अर्ध्या भागात ओला टिपकागद आणि अर्ध्या भागात कोरडा टिपकागद घाला. मध्ये बोटभर जागा सोडा, नाहीतर ओल पसरते. टिपकागद नसेल तर जुने वर्तमानपत्र चालेल. शाळेच्या कुंड्यांखालून दहा समपाद चमच्याने उचलून, बोटाने चिमटू नये, थाळीच्या मधोमध सोडा. वर काच ठेवा आणि काचेवर जाड कापड टाका, कारण उजेड असेल तर ते ओलीकडे गेले की अंधाराकडे, हे कळायचे नाही. पंधरा मिनिटे, दर मिनिटाला कापड क्षणभर उचलून, एका मुलाने ओल्या बाजूचे आणि दुसऱ्याने कोरड्या बाजूचे मोजावेत. तिसऱ्याने फळ्यावर आकडे लिहावेत. चौथ्याला काम द्या की कोरड्या बाजूचे किती चालत आहेत आणि किती बसले आहेत ते पाहा. हा चौथा मुलगा सर्वांत महत्त्वाचा, कारण गनने जे पाहिले ते त्याच्याच रकान्यात उतरेल. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू ओल्या ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा, म्हणजे पहिल्या दिवशीची गर्दी निव्वळ योगायोगाने झाली नाही ना, हे मुलांना ताडता येईल.

महिनाभर चालणारा प्रयोग हवा असेल तर दोन बरण्या घ्या. दोहोंत सारखी ओली माती आणि तराजूवर तोललेली सारखी वाळकी पाने घाला. एकीत वीस समपाद, दुसरीत एकही नाही. तोंडावर फडके बांधा, आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडा. महिन्याने पाने काढून, उन्हात वाळवून पुन्हा तोला. पहिल्या बरणीतल्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसतील आणि मातीवर काळ्या बारीक लेंड्यांचा थर. पावसाळा संपायच्या आत हा प्रयोग लावलेला बरा. उन्हाळ्यात समपाद जमिनीत इतके खोल जातात की दहासुद्धा मिळायची मारामार. प्रयोग झाला की संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्यांना ज्या कुंडीखालून आणले त्याच कुंडीखाली सोडायला मुलांना सांगावे.